हरणाऱ्या संघाच्या बाजूने

(दहावी १९९६ च्या बॅचच्या स्नेहमेळाव्यातील मनोगत)





व्हॉट्सॲप ग्रुपवर मेळाव्याची तयारी सुरू झाली, तेव्हा मला विषय देण्यात आला होता, ‘आयटी क्षेत्रातील संधी’. वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करते आहे, तेव्हा हे साहजिकच होतं. पण खरं सांगू का, आपण सगळे आता चौव्वेचाळीस-पंचेचाळीसचे झालो. आपल्याला आता कसल्या संधी? ज्यांच्या मुलांना माहिती हवी आहे त्यांनी जेवणाच्या वेळी मला गाठावं, सगळं सांगेन. या दहा-पंधरा मिनिटांत मात्र मी अशा गोष्टीबद्दल बोलणार आहे, जिच्यावरून माझ्या घरचे आणि ऑफिसमधले माझी अजून चेष्टा करतात. फुटबॉल. आणि त्यातही पुण्याचा एक संघ, जो पाच वर्षं खेळला, बऱ्याच वेळा हरला आणि शेवटी बंद पडला.

हिंगोलीत फुटबॉलवर भाषण म्हणजे जरा गंमतच. आपल्याकडे खेळ म्हटला की क्रिकेट, कबड्डी, खो-खो आणि दसऱ्यात रामलीला मैदानावरच्या कुस्त्या. पण सुरुवात इथूनच झाली, याच शाळेच्या मैदानावर.

आठवीत असताना पी.टी.च्या तासाला पाऊस आला की मुलींना वर्गात बसवायचे आणि मुलं बाहेर चिखलात. एकदा आम्ही पाच-सहा जणींनी सरांकडे तक्रार केली. सर काही बोलले नाहीत. स्टोअर रूमचं कुलूप काढलं, कोपऱ्यातला एक पिवळा पडलेला फुटबॉल काढला, सायकलच्या पंपानं त्यात हवा भरली आणि आमच्या हातात दिला. “जा, खेळा,” एवढंच म्हणाले. सर आज इथे पहिल्या रांगेत बसले आहेत. सर, तुम्हाला कदाचित आठवतही नसेल, पण तुमच्या त्या दोन शब्दांचं बिल मी पुढे तीस वर्षं भरते आहे.

आपलं मैदान म्हणजे काळी माती. श्रावणात ती पायाला अशी चिकटायची की दहा पावलं चाललं की प्रत्येकीची उंची दोन इंचांनी वाढायची. चेंडू तर मातीचा गोळाच व्हायचा. नियम कुणालाच येत नव्हते. ‘अ’ तुकडीच्या मुली आणि ‘ब’ तुकडीच्या मुली, एवढे दोन संघ. आणि ‘ब’ तुकडी, म्हणजे आम्ही, कायम हरायचो. खो-खोत हरायचो, लंगडीत हरायचो, वक्तृत्वात हरायचो, फुटबॉलमध्येही हरलो. ‘अ’वाल्यांनी आता हसून घ्या. पण हरणाऱ्यांच्या बाजूनं उभं राहायचं शिक्षण मला इथेच मिळालं, हे नोंदवून ठेवते.

पुढे १९९८ साली विश्वचषकाचा अंतिम सामना शेजारच्या काकूंच्या टीव्हीवर पाहिला. रात्री साडेबारा वाजता सुरू झाला होता. लाइट गेली नाही हाच मोठा चमत्कार. फ्रान्सनं ब्राझीलला ३-० नं हरवलं. त्या फ्रान्सच्या चमूत वीस वर्षांचा एक मुलगा राखीव बसलेला होता, डेव्हिड त्रेझेगे. अंतिम सामन्यात तो खेळला नाही, त्यामुळे माझं लक्षही गेलं नाही. पण हे नाव लक्षात ठेवा. त्याच वर्षी मी नांदेडला इंजिनिअरिंगला गेले. २००० साली होस्टेलमध्ये दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं की युरो चषकाच्या अंतिम सामन्यात याच त्रेझेगेनं जादा वेळेत गोल मारून इटलीला हरवलं.

नोकरीच्या निमित्तानं मी पुण्यात आले. बाणेरच्या बाजूला घर घेतलं. तिथून म्हाळुंगे-बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल जवळ. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते बांधलं, २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा स्पर्धाही तिथे झाल्या. आमच्या ऑफिसात कोल्हापूरचा एक सहकारी होता. कोल्हापूरचा माणूस म्हणजे फुटबॉल त्याच्या रक्तात. तिथे प्रत्येक पेठेचा, तालमीचा संघ. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. शाहू स्टेडियमवर सामना असला की अर्धं गाव तिथे. त्यानंच मला पहिल्यांदा बालेवाडीला नेलं.

त्या वेळी तिथे ‘पुणे एफसी’ नावाचा संघ आय-लीगमध्ये खेळायचा. २००७ मध्ये स्थापन झालेला. डेरिक परेरा हे गोव्याचे प्रशिक्षक असताना २०१२-१३ च्या हंगामात हा संघ देशात दुसरा आला. पहिला चर्चिल ब्रदर्स, दुसरा पुणे. देशात दुसरा! आणि पुण्यात किती जणांना ठाऊक होतं? स्टेडियममध्ये आम्ही इतके थोडे असायचो की खेळाडू एकमेकांना हाका मारायचे त्या आम्हाला स्पष्ट ऐकू यायच्या. सवाई गंधर्वला थंडीत रात्र काढणारं पुणं या पोरांसाठी मात्र घराबाहेर पडत नव्हतं.

मग २०१४ साली इंडियन सुपर लीग आली आणि पुण्याला दुसरा संघ मिळाला, ‘एफसी पुणे सिटी’. भगव्याकडे झुकणारा नारिंगी रंग, बोधचिन्हात घोडा, मालकांमध्ये हृतिक रोशन. आणि पहिल्या वर्षाचा मुख्य खेळाडू कोण? डेव्हिड त्रेझेगे! शेजारच्या काकूंच्या टीव्हीतला तो राखीव खेळाडू सोळा वर्षांनी माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर खेळायला आला होता. तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? मी हंगामाची तिकिटं काढली. माझं, नवऱ्याचं आणि मुलीचं.

पहिल्याच आठवड्यात नवी मुंबईत मुंबई सिटीनं आम्हाला ५-० नं धुतलं. पाच! शेजाऱ्याकडून, तेही दिवाळीच्या तोंडावर. ऑफिसमधल्या मुंबईकरांनी माझ्या टेबलावर पाच लाडू आणून ठेवले. मी ते खाल्ले. लाडू चांगले होते.

त्या पाच हंगामांचा हिशेब मी तुम्हाला सांगते. गुणतक्त्यात आमचा क्रमांक असा होता: सहा, सात, सहा, चार, सात. पहिल्या तीन वर्षी स्पर्धेत एकूण संघच आठ होते हे लक्षात घ्या. हे प्रगतिपुस्तक कुणाच्या मुलाचं असतं तर पालकांना शाळेत बोलावणं आलं असतं. प्रशिक्षकही दर वर्षी नवा. पहिल्या वर्षी इटलीचे फ्रँको कोलोम्बा, मग इंग्लंडचे डेव्हिड प्लॅट, मग अँटोनियो हबास, ज्यांनी आधी कोलकात्याला पहिलं विजेतेपद मिळवून दिलं होतं. आम्हाला वाटलं, आता जमणार. त्यांनाही आमच्याकडे सहाव्या क्रमांकावरच समाधान मानावं लागलं.

स्टेडियमही फुटबॉलसाठी बांधलेलं नव्हतं. मैदान आणि प्रेक्षक यांच्यामध्ये धावण्याचा ट्रॅक. आपण इथून ओरडायचं आणि आवाज तिकडे पोहोचेपर्यंत चेंडू दुसऱ्या टोकाला. तरी आम्ही ओरडायचो. चाहत्यांचा एक गट होता, ‘ऑरेंज आर्मी’. कॉलेजची पोरं, आयटीवाले, दोन-तीन निवृत्त काका, आणि मुलींचाही बऱ्यापैकी मोठा घोळका. ढोल असायचा, झेंडे असायचे. माझी मुलगी पहिल्या वर्षी सहा वर्षांची होती, खांद्यावर बसून सामना पाहायची. पाचव्या वर्षी ती मला ऑफसाइड समजावून सांगायला लागली होती.

आता बाबांबद्दल सांगते. तुमच्यापैकी बरेच जण त्यांना ओळखतात. कळमनुरी रोडला आमची कोरडवाहू शेती. मी फोनवर संघाचं सांगितलं की ते म्हणायचे, “पैसे देऊन हारायला जातीस का गं?” आई मागून म्हणायची, “तिकडं हारण्यापेक्षा इकडं चार दिवस येऊन जा की.”

२०१५ साली आपल्याकडे पाऊस किती पडला ते तुम्हाला मी सांगायला नको. मृगात पेरलेलं उगवलं नाही. दुबार पेरणी केली, तीही करपली. दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या जूनमध्ये मी घरी आले होते. बाबा बियाण्याच्या बॅगा मोजत होते. सोयाबीन आणि तूर. मी म्हटलं, “बाबा, दोन वर्षं हातात काही आलं नाही. या वर्षी नाही पेरलं तर?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी अगदीच काही कळत नसल्यासारखं बोलले होते. म्हणाले, “जून आलाय. पेरायचं नाही तर काय करायचं?”

त्या वेळी मी काही बोलले नाही. पण ऑक्टोबरमध्ये नवा हंगाम सुरू झाला आणि मी परत तिकिटं काढली तेव्हा नवरा म्हणाला, “परत?” आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, “ऑक्टोबर आलाय.” आता, शेतीचं नुकसान आणि खेळातली हार यांची बरोबरी होऊ शकत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. एकात घर चालतं, दुसऱ्यात फक्त रविवार खराब होतो. पण आपण मराठवाड्याची माणसं. मागच्या वर्षी काय झालं ते पाहून पुढच्या वर्षीचं ठरवायचं असतं, तर आपल्याकडे एकही वावर पेरलं गेलं नसतं. ही सवय मी घरून घेऊन गेले होते, ती बालेवाडीत कामाला आली.

२०१७-१८ चा हंगाम आमचा सोन्याचा. ब्राझीलचा मार्सेलिन्यो आणि उरुग्वेचा अल्फारो अशी जोडी जमली. गोलरक्षक विशाल कैथ, हिमाचलचा पोरगा. केरळमधल्या मलप्पुरमहून पुण्याच्या अकादमीत येऊन वाढलेला आशिक कुरुनियन. दहा संघांत आम्ही चौथे आलो आणि पहिल्यांदाच उपांत्य फेरीत गेलो. समोर बेंगळुरू, गुणतक्त्यात पहिला असलेला संघ.

पहिला सामना ७ मार्च २०१८ ला बालेवाडीत. त्या आठवड्यात बाबा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तपासणीसाठी पुण्यात आले होते. काळा चष्मा लावून, धोतर-टोपीत ते माझ्यासोबत स्टेडियमवर आले. मी त्यांना नारिंगी उपरणं दिलं. ते त्यांनी गळ्यात घातलं आणि नव्वद मिनिटं एक शब्द न बोलता बसले. सामना ०-० सुटला. शिट्टी वाजली तशी आजूबाजूची पोरं नाचायला लागली, बेंगळुरूला आम्ही गोल करू दिला नव्हता. बाबा म्हणाले, “एक बी गोल झाला नाही, तरी एवढी खुशी?” मग थोडं थांबून म्हणाले, “चांगलंय. तग धरला.”

‘तग धरला’ हा आपल्याकडचा शब्द. पावसानं ओढ दिली आणि पीक उभं राहिलं, की बाबा तो वापरतात. हरणाऱ्या संघाच्या चाहत्याला यापेक्षा चांगला शब्द मला अजून सापडलेला नाही.

परतीचा सामना ११ मार्चला बेंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर. तो आम्ही घरी टीव्हीवर पाहिला. सुनील छेत्रीनं दोन गोल केले. आठ मिनिटं उरली असताना आमच्या लुकानं फ्री किकवर असा गोल केला की खालच्या मजल्यावरच्या आजी वर येऊन विचारून गेल्या, सगळं ठीक आहे ना. २-१. आणखी एक गोल झाला की बरोबरी. सात मिनिटं आम्ही सोफ्यावर टेकलोही नाही. आणि मग छेत्रीनं तिसरा मारला. संपलं. मुलगी रडली. मी तिला समजावलं नाही, तिच्या शेजारी बसून राहिले. कधी कधी तेवढंच करता येतं.

पुढच्या वर्षी वाटलं, आता अंतिम फेरी. झालं उलटंच. हंगाम जेमतेम सुरू होतो तोच प्रशिक्षकांना नारळ दिला. मध्ये प्रद्युम रेड्डींनी सांभाळलं, मग इंग्लंडचे फिल ब्राउन आले. सातवा क्रमांक. त्यातच मालक समूह आर्थिक अडचणीत आल्याच्या बातम्या येत होत्या. आणि ऑगस्ट २०१९ मध्ये एक दिवस बातमी आली की पुणे सिटी हा संघ आता नाही. त्याची स्पर्धेतली जागा नव्या मालकांकडे गेली आहे, संघ हैदराबादचा झाला आहे.

मित्रांनो, आपण सॉफ्टवेअरवाले प्रोजेक्ट बंद होताना नेहमी पाहतो. सकाळी मीटिंग, दुपारी ॲक्सेस बंद. पण प्रोजेक्ट बंद झाला तर निदान एक मेल येते. आम्हाला कुणी काही कळवलं नाही. कळवणार तरी कुणाला? आमचं नाव कुठल्याच रजिस्टरमध्ये नव्हतं. त्या संध्याकाळी मी कपाट उघडलं तर तीन नारिंगी जर्सी घडी घालून ठेवलेल्या. मुलीनं विचारलं, “आई, संघ मेला म्हणजे आता आपण कुणाचे?” या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. घरात माणूस गेलं तर दहा लोक भेटायला येतात. संघ गेल्यावर लोक हसतात. त्यांचं चूक नाही. पण दुःख होतं, ते होतंच.

गंमत पुढे आहे. ज्या हैदराबादनं आमची जागा घेतली, त्या संघानं तीन वर्षांतच, मार्च २०२२ मध्ये, गोव्यात केरळला पेनल्टीवर हरवून विजेतेपद मिळवलं. माझ्या फोनवर मित्रांचे मेसेज, “अभिनंदन, तुमचा संघ जिंकला!” मी उत्तर पाठवलं, “सासरी गेलेली मुलगी पहिली आली तरी पेढे सासरचेच वाटतात.” पण खरं सांगते, आनंद झाला नाही. मला तेव्हा कळलं की मी जिंकण्यासाठी चाहती नव्हतेच. जिंकणाराच हवा असता तर मोबाइलवर एक बटण दाबून बार्सिलोनाची चाहती होता आलं असतं. मला ती पोरं हवी होती, जी माझ्या गावच्या मैदानावर माझ्या गावचं नाव छातीवर लावून पळत होती. पुढे हैदराबादच्याही संघाची आर्थिक घडी विस्कटली, खेळाडू सोडून गेले. ते वाचून मला आनंद झाला नाही. तिथेही कुणीतरी सात-आठ वर्षांची मुलगी असेलच.

इंजिनिअरला सवय असते. एखादी गोष्ट बंद पडली की ती का बंद पडली हे शोधायचं. म्हणून मी थोडं वाचत गेले. पुणे सिटी ही काही एकटीची गोष्ट नाही. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडनं २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये तो संघ बंद झाला. ज्या पुणे एफसीबद्दल मघाशी बोलले तो २०१५ मध्ये गेला. मुंबई एफसी २०१७ मध्ये. खालिद जमील यांनी सात हंगाम त्या संघाला तळातून बुडू दिलं नव्हतं. ते संघाबाहेर पडले आणि त्याच पुढच्या हंगामात, २०१६-१७ मध्ये, मिझोरामच्या छोट्याशा ऐझॉल संघाला देशाचं विजेतेपद मिळवून दिलं. आणि इकडे मुंबई एफसी तळाला जाऊन बाद झाला. पुण्याचा डीएसके शिवाजीयन्सही त्याच सुमारास थांबला. मग २०१९ मध्ये आम्ही.

या सगळ्यांत एक समान धागा दिसतो. संघ होता एखाद्या कंपनीचा, समूहाचा. प्रेम करणारे वेगळे आणि मालक वेगळे. मालकाला परवडेनासं झालं की गोष्ट संपली. आता याच्या शेजारी कोल्हापूर ठेवून पाहा. पाटाकडील तालमीच्या संघाला कोट्यवधींचा प्रायोजक नाही, परदेशी प्रशिक्षक नाही. पण तो संघ कुणाला विकता येत नाही, कारण तो पेठेचा आहे. हरला तर पेठ हरते, आणि पेठ दुसऱ्या वर्षी परत उतरते. माझा तो सहकारी मला म्हणाला होता, “ताई, तुमचा संघ भाड्याच्या घरात राहत होता.”

इंग्लंडमधलं एक उदाहरण मला फार आवडतं. लंडनचा विम्बल्डन हा छोटा संघ. १९८८ मध्ये त्यांनी लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकला होता. २००२ मध्ये मालकांनी तो उचलून लंडनबाहेर, दूरच्या मिल्टन कीन्स गावी न्यायची परवानगी मिळवली. चाहते आठवडाभर रडले असतील, नाही असं नाही. पण मग त्यांनी स्वतःचा संघ काढला, एएफसी विम्बल्डन. सार्वजनिक मैदानावर जाहीर निवड चाचणी ठेवली, जो येईल त्याला खेळून दाखवायला सांगितलं. अगदी खालच्या, नवव्या पायरीपासून सुरुवात केली. नऊ वर्षांत पाच पायऱ्या चढून २०११ मध्ये ते व्यावसायिक लीगमध्ये परत आले. आणि २०२० मध्ये आपल्या जुन्या भागात, प्लाउ लेनला, त्यांनी स्वतःचं नवं मैदान उभं केलं. तो संघ चाहत्यांच्या मालकीचा आहे. आम्ही पुणेकरांनी असं काही केलं नाही. आम्ही विखुरलो. कुणी मुंबईचा झाला, कुणी फक्त टीव्हीवर युरोप पाहतो.

आता मी मुद्द्यावर येते. हे सगळं मी याच ठिकाणी का सांगितलं?

आज सकाळी नोंदणीच्या टेबलावर मुख्याध्यापक सरांशी बोलणं झालं. आपल्या वेळी दहावीच्या चार तुकड्या होत्या. एका बाकावर तिघं-तिघं बसायचो. आज दहावीची एकच तुकडी आहे आणि तीही पूर्ण भरत नाही. मुलं इंग्रजी शाळेत जातात, जाणारच. आपल्यापैकी बहुतेकांची मुलं तिथेच शिकली, माझीही. त्यात कुणाला दोष देण्यासारखं काही नाही. पण पट कमी झाला की शिक्षक कमी होतात, शिक्षक कमी झाले की पट आणखी कमी होतो. आणि एक दिवस कुणीतरी कागदावर सही करतं. आज वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात उभी होते तेव्हा मला बालेवाडीची आठवण झाली. रिकाम्या खुर्च्यांचा आवाज सगळीकडे सारखाच असतो.

आपण सगळे या शाळेचे चाहते आहोत. सकाळपासून तेच तर चाललंय. फोटो काढले, गुरुजनांच्या पाया पडलो, डोळे पुसले. पण मी अनुभवावरून सांगते, नुसतं प्रेम करून संघ वाचत नाही. आम्ही पुणे सिटीवर कमी प्रेम केलं नव्हतं. तिथे आमचा काही हक्क नव्हता आणि ते वाचवायचा मार्गही आमच्यापुढे उघडा नव्हता. इथे तसं नाही. ही शाळा कुठल्याही समूहाची नाही. ही आपल्या गल्लीची आहे. हा आपला तालमीचा संघ आहे.

मी मोठी देणगी जाहीर करायला उभी नाही. देणगी ज्यांना देता येईल ते देतील, समितीकडे वही आहे. मला तीन साध्या गोष्टी सुचवायच्या आहेत. पहिली, वर्षातून एकदा, मेळावा नसतानाही, आपल्या बॅचमधल्या कुणीतरी इथे यावं. भाषण करायला नको, एक तास मुलांबरोबर बसायला. डॉक्टर आहे त्यानं डॉक्टरकीचं सांगावं, हळदीचा व्यापार करतो त्यानं वसमतच्या बाजारात भाव कसा ठरतो ते सांगावं. जिनं घर सांभाळलं तिनं तेही सांगावं, त्यातही गणित आहे. ऐंशी जण आहोत आपण. वाटून घेतलं तर एकेकाची पाळी अनेक वर्षांनी येईल. दुसरी, संगणक कक्षातल्या सात मशीन बंद पडल्या आहेत असं कळलं. त्या मी आणि आपल्या बॅचमधले दोघं मिळून दुरुस्त करू. त्यासाठी दिवाळीनंतरचा पहिला शनिवार आम्ही ठरवला आहे. ही काही मोठी गोष्ट नाही, माझं रोजचं कामच आहे. आणि तिसरी गोष्ट आहे मैदानाची. मैदानाच्या कडेला बाभळी वाढल्या आहेत, गोलपोस्टचा एक खांब वाकलेला आहे. तो सरळ करून द्यायचं मी मान्य केलं आहे. सोबत बारा फुटबॉल. त्यातले सहा मुलींसाठी, आणि तसं रजिस्टरमध्ये लिहून ठेवावं अशी सरांना विनंती आहे, म्हणजे पुढे कुणाला स्टोअरचं कुलूप काढायला तक्रार करावी लागणार नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्यानं शाळा वाचणार आहे का? मला माहीत नाही. पाच वर्षं बालेवाडीत जाताना मला हेही माहीत नसायचं की आज जिंकणार का. त्यातल्या बऱ्याच रविवारी हरलोच. पण ज्या दिवशी संघ मैदानात उतरला, त्या दिवशी गॅलरीत आम्ही होतो. विशाल कैथ पुढे मोहन बागानला गेला, २०२२-२३ ला तो लीगचा सर्वोत्तम गोलरक्षक ठरला आणि संघानं विजेतेपदही मिळवलं. तो मुलगा आमच्या समोर चुका करत, पडत, उठत शिकला होता. आम्ही तेव्हा तिथे होतो, हे कुणी आमच्याकडून काढून घेऊ शकत नाही. इथल्या त्या एका तुकडीतही असा कुणीतरी असेल, आणि तो किंवा ती शिकत असताना गॅलरी रिकामी नसावी, एवढीच माझी इच्छा आहे.

आपल्या दहावीच्या सर्टिफिकेटवर जिल्हा परभणी लिहिलेला आहे. १९९९ मध्ये हिंगोली जिल्हा झाला. म्हणजे ही शाळा आपल्या जिल्ह्याहूनही वयानं मोठी आहे. तिला आपण ‘तग धरला’ म्हणायला लावू या.

सर्व गुरुजनांना पुन्हा एकदा नमस्कार करते. शनिवारी येणाऱ्यांनी ग्रुपवर नाव टाकावं, चहा माझ्याकडून. आणि ‘अ’ तुकडीच्या मुलींना जाहीर आव्हान, जेवणानंतर मैदानावर या. या वेळी ‘ब’ तुकडी जिंकेल असं मला मुळीच वाटत नाही, तरी आम्ही उतरणार आहोत.